लिस्टवरचा सत्ताविसावा

२ मार्च, सोमवार

रोस्टर लागलं, महिनाभराच्या ड्युट्या कळल्या. म्हणजे आज गाडीत रडारड!

सकाळी चार पायलट घेऊन निघालो. क्वार्टर ते विमानतळ अकरा मिनिटं. अकराच्या अकरा मिनिटं चौघांची तोंडं मोबाइलमध्ये. "बघ, परत मला शनिवार-रविवार!" "मला सहा दिवस स्टँडबाय. सहा दिवस नुसतं फोनकडे बघत बसायचं!" "तुझं बरं आहे बाबा, तुझा नंबर चांगला." खांद्यावर सोनेरी पट्ट्या, आणि तोंडं अशी की घरात काही झालंय.

मी आरशातून बघत असतो. आरसा मागच्या गाड्या बघायला दिलाय, पण ही तोंडं बघण्यात जास्त मजा.

सगळ्यात जास्त बोंबलत होता पोऱ्या. पोऱ्या म्हणजे एकोणतीस वर्षांचा कॅप्टन, नवीनच झालाय. घर, आई, होणारी बायको — सगळं दुसऱ्या बेसला. बेस म्हणजे जिथून ड्युटी सुरू होते आणि जिथं संपते ते गाव. तुमचं घर कुठं का असेना. कॅप्टन झाला त्याच दिवशी त्याला इकडे फेकला, कारण कॅप्टनांच्या लिस्टमध्ये तो तळाला.

"मी काय पाप केलं होतं?" म्हणतो.

काही नाही रे. उशिरा जन्माला आलास, एवढंच.

५ मार्च, गुरुवार

आज बाहेर गाडी उभी करून दोन तास नुसता बसून होतो. विमान लेट. तर हा नंबर काय प्रकार आहे ते एकदा लिहून टाकतो.

कंपनीत ज्या दिवशी आलात त्यावरून नंबर, आणि कॅप्टन झालात की त्या दिवसापासून कॅप्टनांच्या लिस्टमध्ये परत तळाला. बस. विमान फुलासारखं टेकवता की पोत्यासारखं आपटता, कोणी विचारत नाही. आधी आलेला आधी निवडतो — बेस, सुट्ट्या, फेऱ्या. उरलंसुरलं खालच्याला. दोघं एकाच दिवशी लागले तर वयानं मोठा तो वर.

आमच्याकडे असे दोन कॅप्टन आहेत. एक दुसऱ्यापेक्षा चार दिवसांनी मोठा. नऊ वर्षं झाली, एकमेकांशी बोलत नाहीत! एक पुढच्या सीटवर बसला की दुसरा सगळ्यात मागे. एकाच विमानात ड्युटी लागू नये म्हणून दोघंही फोन करकरून रोस्टरवाल्या बाईचा जीव खातात. चार दिवसांसाठी! आणि यांच्या भरवशावर सत्तर माणसं ढगात जातात.

वर सरकायचा रस्ता एकच. वरचा कोणी रिटायर झाला, सोडून गेला, नाहीतर मेडिकलमध्ये उडाला, की खालचे सगळे एकेक पायरी वर. म्हणून यांना एकमेकांच्या जन्मतारखा पाठ. एकमेकांचं बीपी पाठ. "तो काल जिना चढताना धापा टाकत होता म्हणे." "त्याची साखर वाढलीय." काळजी नाही ही! गिधाडं बरी. ती मेल्यावर तरी येतात.

आम्हा ड्रायव्हरांना पण तसलीच लिस्ट. सगळ्या बेसचे मिळून चौतीस ड्रायव्हर. मी सत्तावीस. पण आम्ही असं रडत नाही.

९ मार्च, सोमवार

हिचा फोन. छकुलीला दाढा येताहेत, ताप आहे. मागे तिचं रडणं ऐकू येत होतं. हिला म्हटलं, फोन तिच्या कानाला लाव. लावला. मी "छकुली, छकुली" केलं तर पोरगी आणखी ओरडायला लागली.

"आवाज ओळखत नाही हो ती," ही म्हणाली. चिडून नाही म्हणाली. पाणी गेलंय, असं सांगावं तसं सांगितलं.

मागच्या सुट्टीत घरी गेलो होतो तेव्हा चार दिवस माझ्याकडे आली नाही. पाचव्या दिवशी आली. सहाव्या दिवशी माझी परतीची गाडी होती.

१० मार्च, मंगळवार

नोटीस लागली!!

आमच्या गावच्या बेसला ड्रायव्हरची एक जागा. एकच. अर्ज या महिनाअखेरपर्यंत. निकाल २४ एप्रिलला. नियम नेहमीचाच — अर्ज करणाऱ्यांत ज्याचा नंबर वर त्याला जागा. आणि निकालाच्या दिवशी मैदानाचं परमिट चालू पाहिजे. मैदान म्हणजे विमानं उभी राहतात तिथलं. ते परमिट नसलं तर गाडी फाटकाबाहेर.

तीनदा वाचली. मग सुपरवायझर म्हणाला, "अरे, आता काय फोटो काढणार आहेस का?" काढला.

१२ मार्च, गुरुवार

सगळीकडे फोन लावून झाले. माझ्या वरच्या सव्वीस जणांत आमच्या गावचा बेस कोणालाच नकोय! लहान गाव, दिवसाला सहा विमानं, ओव्हरटाइम शून्य. "तिथं येऊन काय माशा मारू?" एकजण म्हणाला. नको मारू बाबा, तू आहेस तिथंच राहा.

फक्त एकानं अर्ज टाकलाय. आमच्याच बेसचा, अकरा नंबरचा. मामा.

सगळे त्याला मामाच म्हणतात, सुपरवायझरसुद्धा. वय छप्पन्न. तोही आमच्या तालुक्याकडचाच. विचारलं, "मामा, तुम्हाला कशाला हवंय तिकडे?"

"दोन वर्षं राहिली रे. म्हटलं, शेवटची ड्युटी करून आपल्या घरी चालत जावं."

चालत जावं! घरी आहे कोण ह्याच्या? मामी जाऊन चार वर्षं झाली. मुलगा लांब कुठंतरी स्थायिक, लेक तिच्या सासरी. बंद घराचं कुलूप उघडायला ह्याला बेस पाहिजे. आणि माझी पोरगी मला बघून रडते. पण नाही — ह्याचा अकरा, माझा सत्तावीस. विषय संपला.

मी पण अर्ज टाकला. टाकायला काय जातं.

१४ मार्च, शनिवार

उजव्याला एकट्याला सोडायला गेलो. उजवा म्हणजे को-पायलट. बारा वर्षं उजव्या सीटवर बसलाय. त्याच्यानंतर आलेली पोरं डावीकडे बसून कॅप्टन झाली, हा हलत नाही. परवा पोऱ्या त्याला "सर, हे बटण" म्हणून शिकवत होता म्हणे!

आज विचारलंच. "सर, तुम्ही कॅप्टन का होत नाही?"

"कशाला? को-पायलटांच्या लिस्टमध्ये मी तिसरा. कॅप्टन झालो की त्यांच्यात शेवटचा. आज मला पाहिजे ती सुट्टी मिळते, रविवारी घरी असतो. तिकडे गेलो की तुझ्या त्या पोऱ्यासारखा सणवार विमानात, आणि बेस म्हणतील तो. तळात वरचा असलेला बरा, का वरच्यात तळाचा?"

हसत होता. मी पण हसलो. मनात म्हटलं, थू! सगळं आयुष्य दुसऱ्याच्या शेजारी बसून काढायचं, तेही रविवारसाठी.

पण रविवारी घरी असतो तो. हे पण खरं.

१८ मार्च, बुधवार

मामा दुपारी गाडीत येऊन बसला. डबा मध्ये ठेवला, पण उघडला नाही.

"एप्रिलात आपलं मेडिकल आहे ना रे?"

"वीस तारखेला."

"खालची ओळ विसरलोय. म्हणवून घेतोस का जरा?"

आता हे कुठं बोलायचं नाही, पण वहीत लिहायला काय. परमिटसाठी दरवर्षी डोळ्यांची टेस्ट असते. तक्त्यावर अक्षरं नाहीत, कारण आमच्यातल्या निम्म्यांना वाचता येत नाही. फणीसारखी चित्रं आहेत — फणीचे दात कुठल्या बाजूला ते सांगायचं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. वरून खाली बारीक बारीक होत जातात. सहा ओळी. डॉक्टर तोच, खोली तीच, तक्ता तोच, अकरा वर्षं! त्यामुळे नवीन ड्रायव्हर आला की पहिल्या आठवड्यात त्याला तक्ता पाठ करायला लावतात. मला पण लावला. गिअर शिकायच्या आधी फण्या शिकलो. कारण चष्मा लागला की परमिट गेलं, हे सगळ्यांना माहीत.

आणि सगळ्यात पक्का तक्ता माझा. शाळेत पाढे कधी पाठ झाले नाहीत, पण हे झोपेत म्हणेन. म्हणून सगळे माझ्याकडेच येतात.

"म्हणा. वर, डावी, खाली, डावी, उजवी."

"वर, डावी, खाली... उजवी."

"डावी, मामा! मग उजवी."

"हां हां. डावी, मग उजवी." बोटांवर मोजत होता. दहा वेळा घोकून घेतलं. मग म्हणाला, "बरं झालं लेका. पहिल्या दोन ओळी दिसतात अजून. खाली सगळं धुकं आहे."

पहिल्या दोन ओळी! आंधळाच म्हणा की!

मग त्यानं डबा उघडला आणि अर्धा माझ्याकडे सरकवला.

२३ मार्च, सोमवार

क्रू रूममध्ये आज केक. पोऱ्यानं आणला. कशाबद्दल ते सांगत नव्हता, पण सगळ्यांना माहीत.

पोऱ्याच्या बरोब्बर एक नंबर वर टकल्या कॅप्टन होता. दोघांनाही एकच बेस हवा होता, पोऱ्याच्या घरचा. टकल्या गाडीत बसला की खिडकीकडे तोंड करून गोळी घ्यायचा. मी बघितलंय. एकदा आरशात नजरानजर झाली तर तोंडावर बोट ठेवलं, मी मान हलवली. विषय संपला. पण शेजारी पोऱ्याही बसायचा.

क्रू रूमच्या भिंतीवर पत्र्याची सूचना पेटी आहे. सुरक्षेबद्दल काही दिसलं तर लिहा, नाव नको. मागच्या आठवड्यात कोणीतरी चिठ्ठी टाकली. टकल्याला बोलावलं, तपासलं, बीपी निघालं. सगळ्या टेस्ट होईपर्यंत उडायचं नाही. बेसच्या यादीतून नाव कट.

आणि चौथ्या दिवशी केक! वर पांढरी साय, मध्ये लाल चेरी. मला म्हणतो, "घे ना रे, दोन घे."

घेतला नाही. पोट बिघडलंय म्हटलं. असल्याच्या हातचं खाऊन खरंच बिघडलं असतं.

२७ मार्च, शुक्रवार

मामानं आज मैदानात एक कोन उडवला. वाट अडवायला ठेवतात तसला नारंगी कोन, कमरेइतका उंच, भर दुपारी! उडवला तो उडवला, गाडीखाली अडकवून फाटकापर्यंत ओढत आणला. सगळे लोडर हसून हसून लोळले. मामा खाली उतरून म्हणतो, "कोण ओढतंय रे?"

मी पण हसलो. मग आठवलं की त्या कोनाच्या पलीकडे दहा पावलांवर पंखेवालं विमान उभं होतं आणि खाली दोन लोडर बॅगा काढत होते.

सुपरवायझरनं वहीत काही लिहिलं नाही. नुसतं म्हणाला, "मामा, जरा बघून."

३१ मार्च, मंगळवार

ही म्हणाली, "अहो, खरं सांगा, होईल का?"

मी म्हटलं, "बघू."

"तीन वर्षं 'बघू' ऐकतेय. रागावून नाही सांगत. पण या खेपेला नाही झालं ना, तर मी विचारणं सोडून देणार. मग तुम्ही तिकडे, आम्ही इकडे, आणि जसं आहे तसं चांगलं आहे म्हणायचं."

तिकडे छकुली "मामा, मामा" करत होती. तिचा मामा आला होता, माझा मेव्हणा. तिला हसायला आलं की ती त्याच्याकडे धावते. फोनमध्ये मला ऐकू येतं ना सगळं, पाय आपटत पळालेली सुद्धा.

अर्जाची मुदत आज संपली. दोनच अर्ज. अकरा आणि सत्तावीस.

१ एप्रिल, बुधवार

काही नाही.

३ एप्रिल, शुक्रवार

टाकली.

आधी लिहून ठेवतो की मी पोऱ्या नाही. पोऱ्यानं माणसाचं नाव टाकलं होतं. मी कोणाचंच नाव टाकलेलं नाही. एवढंच लिहिलं — ड्रायव्हर लोक डोळ्यांच्या टेस्टला तक्ता पाठ करून येतात. एकाला तर नीट दिसतच नाही. मैदानात गाडी चालवतो. काही झालं तर जबाबदार कोण. बघा.

चार ओळी. डाव्या हातानं लिहिल्या. दुपारी जेवणाच्या वेळी क्रू रूम रिकामी असते. टाकताना पेटीचं झाकण असं वाजलं की वाटलं धावपट्टीपर्यंत ऐकू गेलं. बाहेर आलो तर मामा गाडीच्या काचा पुसत होता. माझ्या गाडीच्या पण पुसून ठेवल्या होत्या.

आणि हे खोटं थोडंच आहे? तो कोन उद्या माणूस असला तर? मग तेच सगळे मला विचारणार, तुला माहीत होतं, बोलला का नाहीस. मी बोललो. एवढंच केलंय.

६ एप्रिल, सोमवार

काही हालचाल नाही. ही कंपनी! पायलटची गोळी दिसली की तीन दिवसांत धावाधाव, ड्रायव्हर आंधळा असला तरी चालतो. आम्ही काय, बॅगांच्या वर आणि माणसांच्या खाली.

८ एप्रिल, बुधवार

हालचाल झाली. पण कसली!

सुपरवायझरनं सगळ्यांना बोलावलं. या वर्षी बाहेरची डॉक्टर येणार. नवीन तक्ता. तोही एक नाही, तीन, ती पाहिजे तो लावणार. सगळ्या ड्रायव्हरांची टेस्ट तिच्याकडेच.

सगळे एकदम सुरू. "कोण रे तो हरामखोर?" "आपल्यातलाच आहे!" "अकरा वर्षं सुरळीत चाललं होतं!" एकजण म्हणाला, सापडला तर त्याचा हात बॉनेटमध्ये घालतो. मीही ओरडलो. सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलो, आठ-दहा शिव्या दिल्या. माझ्याच पाठीवर हात ठेवून एकानं मला शांत केलं.

मामा तेवढा बाकावर बसून किल्ल्यांचा जुडगा फिरवत होता.

एक बरं झालं. नाव कोणाचं आलं नाही. मामा उडाला तर तो तक्त्यामुळे उडेल. माझ्यामुळे नाही.

१२ एप्रिल, रविवार

मामानं आठवडाभराची रजा टाकली. तब्येत बरी नाही म्हणे. समजलो. हाय खाल्ली म्हातार्‍यानं. आता वीस तारखेला येतो तरी का बघायचं.

हिला फोन केला. म्हटलं, "झालंच समज."

"म्हणजे?"

"म्हणजे पुढच्या महिन्यात तिकडे."

फोनवर नाक ओढल्याचा आवाज. मग एकदम सुरू झाली — खोलीतलं धान्याचं पिंप हलवायला पाहिजे, तुमची खाट कुठं लावायची, दादाला सांगते, समोरच्या काकूंना सांगते. मी म्हटलं, अगं, थांब, निकाल लागू दे. ऐकते कुठं!

१५ एप्रिल, बुधवार

पोऱ्याला त्याचा बेस मिळाला. एका नंबरानं! टकल्या असता तर मिळाला नसता.

पण सकाळी गाडीत तमाशा बघितला. पोऱ्या मधल्या सीटवर, आजूबाजूला रिकामं. बाकीचे तिघं मागे चिकटून बसले, गुडघे पोटात घेऊन. कोणी अभिनंदन केलं नाही. पोऱ्या अकरा मिनिटं एकटाच खिडकीबाहेर बघत होता.

उतरताना उजवा माझ्या खिडकीशी वाकून म्हणाला, "बघितलंस? घरी चालला. आता आयुष्यभर ह्याच्याबरोबर जो उडेल तो गोळ्या घरीच खाऊन येईल."

मी म्हटलं, "कळलं कसं सर, चिठ्ठी त्याचीच म्हणून? नाव तर नव्हतं."

"केक आणला ना मूर्खानं!"

मूर्खच. सगळे एक नंबरचे मूर्ख. मी नाही कसला केक आणणार.

१९ एप्रिल, रविवार

उद्या. गणवेश धुऊन वाळत घातला. मामा रजेवरून आला. ठीक दिसतो. जास्तच ठीक दिसतो.

२० एप्रिल, सोमवार

नीट लिहितो. जसं झालं तसं.

टेस्ट ट्रेनिंगच्या खोलीत. बाहेर बाकावर आम्ही नंबरानं बसलेलो — हो, इथं पण नंबरानं! मामा माझ्या आधी. दार अर्धं उघडं. डॉक्टर म्हणजे चाळिशीची बाई, केस आखूड, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. मामा आत गेला आणि वरच्या खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर लावला.

चष्मा! मी उठून उभा राहिलो.

"हा चालेल ना, बाई?" मामा विचारतोय.

"चालेल का म्हणजे? परमिटवर नोंद करते, लावूनच चालवायचं. नियमच आहे तसा, कधीपासूनचा."

"आम्हाला तर सांगितलं होतं चष्मा लागला की परमिट गेलं."

"कोणी सांगितलं?"

मामा विचारात पडला. "सगळ्यांनी," म्हणाला.

मग म्हणायला लागला. वर. खाली. खाली. उजवी. एकेक सावकाश, बोटांवर न मोजता. सहाव्या ओळीपर्यंत गेला! बाईनं शिक्का मारला. बाहेर आला तर डोळे चष्म्यात मोठे दिसत होते. "लेका, तुझ्या कपाळावर खूण आहे होय रे? तीन वर्षांत दिसली नव्हती!"

मग मी.

खुर्चीत बसलो. एक डोळा झाकला. आणि तोंड आपोआप सुरू झालं — वर, डावी, खाली, डावी —

"थांबा," बाई म्हणाली. "मी अजून कुठंच छडी ठेवलेली नाही."

बाहेर कोणीतरी फिस्सकन हसलं.

तिनं छडी ठेवली. पहिली ओळ सांगितली. दुसरी सांगितली. तिसरीला थांबलो. चौथीवर नुसत्या मुंग्या. मी डोळे बारीक केले, मान पुढे घेतली, ती म्हणाली पाठ टेकवा. दुसरा डोळा. तेच. म्हटलं, बाई, उजेड कमी आहे. तिनं आणखी एक दिवा लावला. मुंग्याच.

"असं किती वर्षं आहे?"

मला काय माहीत! मी कधी बघितलंच नव्हतं. तीन वर्षं मी तक्त्यासमोर बसलो आणि भिंतीकडे बघून म्हणत आलो. इतकं पाठ होतं की बघायची गरजच पडली नाही. मामाला निदान माहीत तरी होतं की त्याला धुकं दिसतं. मला वाटायचं, जग असंच असतं.

"घाबरू नका. साधा नंबर आहे. चष्मा करून घ्या, एकवीस मेला मी परत येणार आहे, तेव्हा दाखवा. तोपर्यंत परमिट बंद."

"चोवीस तारखेच्या आत नाही जमणार? बाई, दोन दिवसांत चष्मा आणतो. उद्या आणतो!"

"मी उद्या दुसऱ्या गावी. तुमच्या कंपनीनंच यंदा एवढं कडक केलंय," ती म्हणाली. "कोणीतरी तक्रार केली होती ना."

२१ एप्रिल, मंगळवार

फाटकाबाहेरची ड्युटी. भाजी, डाक, पाण्याचे कॅन. मैदानात जायचं नाही. आमच्या बेसला आठ ड्रायव्हर, सात पास. त्यातल्या तिघांना चष्मे, सगळे एकमेकांचे लावून बघताहेत, हसताहेत. मी एकटा नापास. ज्यानं सगळ्यांना शिकवलं तो!

फोनवर हिचे सात मिस्ड कॉल. उचलले नाहीत.

२४ एप्रिल, शुक्रवार

मामाचं नाव लागलं. परवा निघतो.

मला शोधत पाण्याच्या कॅनांपाशी आला. म्हणाला, "ज्यानं कोणी ती चिठ्ठी टाकली ना, त्याचं भलं होवो. नाहीतर मी चष्मा केलाच नसता. आणि एखाद दिवशी कोणाला तरी मारलं असतं मी." मग म्हणाला, "तुझं घर माझ्या वाटेवरच आहे. पोरीसाठी काही द्यायचं असलं तर दे, उतरलो की आधी तिथंच जातो."

हिला मी अजून काही सांगितलेलं नाही. ही रोज छकुलीला दारात उभी करून शिकवतेय — निळ्या शर्टातला माणूस येईल, तो बाबा. शिकली म्हणे पोरगी. रस्त्याकडे बोट करते.

आमच्या सगळ्यांचा शर्ट निळाच.